मूळची गाडी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे सांगून ठेवले आहे. ज्याने हे सांगितले त्याच्या दारात जुनी मोटार नसावी. असती तर त्याने तिसरे कलम नक्की जोडले असते. घराचा पाया खणला की भिंती निदान वर तरी येतात, आणि मुहूर्त उलटला की लग्नाचा मांडव उतरतो. जुनी गाडी उभी करायला घेतली की मात्र पुढे जाणे नाहीच, सारखे मागे जाणे आहे. एक नट सोडवावा तर हाताला १९७४ साल लागते, त्याखालचा पत्रा खरवडावा तर १९६२. असे मागे मागे जाताना कोठे तरी थांबावे लागते. कोठे थांबायचे, यावरून आमच्या घरात दोन वर्षे जे चालले होते त्याची ही हकीकत आहे.

गाडी म्हणजे शेवरलेटची पिकअप, १९५१ सालची. पुढे गोल, फुगीर टपाची केबिन, मागे उघडा हौदा आणि त्या हौद्याला लाकडी फळ्यांची जमीन. गावात तिला कोणी शेवरलेट म्हणत नसे. आमच्या भागात पानमळ्यात वेलींना आधार म्हणून शेवरी लावतात, तेव्हा हा शब्द लोकांच्या तोंडात बसलेला होता. गाडीही 'शेवरी' झाली. गाडी अमेरिकन खरी, पण जुळली मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. सातासमुद्रापलीकडून सुटे भाग यायचे आणि आपले कामगार ते जोडून गाड्या बाहेर काढायचे. पुढे १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले की नुसती जोडाजोड नको, भागही इथेच बनवा; आणि १९५४ साली शिवडीची जोडणी थांबली. आमची गाडी म्हणजे त्या कारखान्याच्या उतारवयातले अपत्य.

आजोबांनी ती १९६२ साली एका कंत्राटदाराकडून घेतली. कोयनेच्या धरणावर खडी वाहून वाहून ती दमलेली होती. आमचे गाव कोल्हापूरपासून सहा कोसांवर, पंचगंगेच्या काठी. ऊस होता, गुऱ्हाळ होते. गूळ पेठेत न्यायचा तर बैलगाडीला रात्र मोडावी लागे. आजोबांनी घरातले सोने मोडले असे म्हणतात. आजीने त्यावर काय म्हटले ते मात्र कोणी सांगत नाही. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणते, ते तेव्हा वीस वर्षांचे होते. आधी किन्नर म्हणून ते गाडीवर चढले आणि वर्षाच्या आत चाकापाशी बसले.

कोल्हापूरकडच्या वाचकांना गुळाचे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. चुलवाणावर काहील चढते, जळव्या खालून चिपाडे सारतो, गुळव्या भेंडीचा चिकट रस टाकून मळी काढतो, आणि रस आटून आला की वाफ्यात ओतून त्याचे रवे बांधतात. आमच्या लहानपणी एक रवा तीस किलोंचा असे. नव्या हंगामातल्या गुळाचे सौदे कोल्हापूरच्या बाजारात दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त करून निघतात. पाडव्याच्या पहाटे गूळ पेठेत पोचलाच पाहिजे, हा आमच्या घरातला एकमेव धर्मनियम होता. अभ्यंगस्नान चुकले तर चालत असे.

कंपनीच्या कागदावर ही गाडी अर्ध्या टनाची, म्हणजे रव्यांच्या हिशेबात सोळा-सतरा रवे. आप्पा चाळीस घालत. पाटे उलटे वाकत, पुढचे टायर रस्त्याला नुसते शिवत असत, आणि आप्पा म्हणत, "अमेरिकेत रस्तं सपाट हायती, म्हनून त्यास्नी कमी लिवलंया." या विधानातले भौतिकशास्त्र आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मी एकदा विचारले होते. त्या नुसत्या हसल्या.

गूळ उतरला की रिकामी गाडी गावी परत येत नसे. ती माझ्या तिन्ही आत्यांच्या सासरी फिरे. लेकीला माहेरी आणायला जे माणूस जाते त्याला आपल्याकडे 'मूळ' म्हणतात. दिवाळीला मूळ आले नाही म्हणून ओसरीवर डोळे लावून बसलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या घरांत होऊन गेल्या आहेत. आमच्या आत्यांना हे मूळ हॉर्न वाजवीत यायचे. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी, गुळाने चिकट झालेल्या हौद्यात गोणपाट अंथरून, पोराबाळांसह त्या माहेरी उतरत. लुगड्यांना गुळाचे डाग पडत. सासरी परत गेल्यावर म्हणे त्या डागांवरून दिवाळी किती गोड झाली ते विचारले जाई.

आता त्या फळ्यांकडे येतो, कारण सगळे भांडण त्यांच्यापाशीच येऊन अडकले.

पत्र्याची गाडी करणाऱ्या कारखान्याने हौद्याची जमीन लाकडाची का ठेवावी, हे मला पूर्वी कोडे वाटे. त्यात मोठे शहाणपण होते. पत्र्यावर ओझे घसरते, लाकडावर धरून राहते. पत्र्याला पोचा आला की तो पोचा कायमचा. फळी मोडली तर शेतकरी आपल्या घरी नवी बसवू शकतो. आणि बसवण्याची रीत तर अशी की गावातल्या सुतारानेही मान डोलवावी. शेजारशेजारच्या दोन फळ्यांच्या कडांना खाच मारायची, त्या खाचेत वरून लोखंडी पट्टी बसवायची, आणि पट्टीतून जाणारा बोल्ट दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून खाली आडव्या पट्टीला आवळायचा. म्हणजे बहुतेक बोल्टांसाठी फळीला भोक पाडावे लागत नाही. लाकूड पावसात फुगते, उन्हात आखडते. त्याला हलायला जागा राहते आणि तरी ते जागचे सुटत नाही. घरात सुनेला कसे वागवावे याचेही हेच सूत्र असावे, पण तो विषय वेगळा.

कारखान्यातून आलेल्या फळ्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पिवळ्या पाइनच्या होत्या. धरणावरची खडी, मग आमच्याकडचा गूळ, आणि गुळाबरोबर पाऊस. चार वर्षांत त्या कुजल्या. तेव्हा आजोबांनी नदीकाठच्या बांधावरची बाभळ पाडली. बाभळीचे लाकूड म्हणजे चाकांचे, नांगरांचे लाकूड; जड, चिवट, करवतीचे दात मोडणारे. तिचे ओंडके सहा महिने डोहात बुडवून ठेवले, म्हणजे पुढे भुंगा लागत नाही. मग गावच्या सुतारमामांनी त्यांच्या फळ्या पाडल्या. बाभळीला सरळ वाढायचे माहीत नाही, त्यामुळे एक फळी वीतभर रुंद तर शेजारची चार बोटे जास्त. पण खाचा त्यांनी कारखान्याच्या मापाने मारल्या आणि लोखंडी पट्ट्या त्याच वापरल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हते. पट्टी वाचता येत होती.

१९७६ साली माझ्या आईची वरात याच फळ्यांवरून गावात आली. आणि १९८७ च्या श्रावणात माझे वडील कोल्हापूरच्या दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनाही आप्पांनी याच फळ्यांवरून घरी आणले. वडील आप्पांहून आठ वर्षांनी लहान. मी आठ वर्षांचा होतो. पाऊस होता, वरून ताडपत्री ओढली होती, आणि गाडी इतक्या हळू आली की चावडीपासून घरापर्यंत लोक तिच्याबरोबर चालत आले. यापेक्षा जास्त मला त्या दिवसाचे आठवत नाही आणि जेवढे आठवते तेवढे पुरे आहे.

पुढे गावात टेम्पो आले आणि शेवरी वैरणीच्या छपरात जाऊन उभी राहिली. मी शिकलो मॅट्रिकपर्यंत, चित्रकलेचा मास्तर म्हणून इचलकरंजीच्या एका शाळेत लागलो, रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. तिची आठवण काढायला कोणाला वेळ नव्हता. ती काढली पंचगंगेने. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. छपरात छातीभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर ऊस कुजलेला, गुऱ्हाळाची भिंत बसलेली, आणि शेवरी आपली चिखलात उभी. आप्पांनी काठीने हौद्यातला गाळ सारला. फळ्या खालून तशाच निघाल्या. मागच्या फाळक्यालगतची एक तेवढी कुजली होती, आणि तीही पुराने नव्हे, त्याआधीच.

चुलतभावाला, म्हणजे आमच्या दादांना, त्या पुराने कर्जात घातले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले आणि राहिलेली कसर भरून निघाली. त्यांचा मुलगा पुण्याला मोटारींच्या कारखान्यात आहे. तो एकदा सुटीवर आला, छपरात शिरला आणि दोन तास बाहेर आला नाही. बाहेर आला तो डोळे चमकवीत. "काका, ही १९५१ ची आहे! दाराला छोटी तिकोनी काच आहे, ती त्याच वर्षी निघाली. मूळ इंजिन कुठाय?"

मूळ इंजिन गोठ्यात होते. १९७३ च्या अखेरीस अरबांनी तेल आखडले, पेट्रोल परवडेना, तेव्हा दुसऱ्या वर्षी आप्पांनी गाडीत जुने डिझेल इंजिन बसवले आणि पेट्रोलचे इंजिन ग्रीस फासून, पोत्यात गुंडाळून गव्हाणीमागे ठेवले. टाकून कसे दिले नाही, असे पुतण्याने विचारले. आप्पांना प्रश्नच कळला नाही. चालू वस्तू टाकून देतात, ही कल्पना त्यांच्या पिढीला करता येत नाही.

इथून कामाला सुरुवात झाली. पुतण्या पुण्याहून शनिवारी येई, मी इचलकरंजीहून. इंजिन आम्ही कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेले. ऑइल इंजिने, ओतकाम आणि लेथ यांनी भरलेली ती वसाहत. तिथे जगातला कोणताही भाग करून मिळतो अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि ती फारशी खोटी नाही. या इंजिनाची एक मौज आहे. सहा सिलिंडर, साडेतीन लिटर, नव्वदएक अश्वशक्ती. पण कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल पोचवण्याची तऱ्हा घरगुती. प्रत्येक रॉडच्या बुडाला एक छोटा चमचा असतो, तो फेऱ्यागणिक तेलाच्या पन्हाळीत बुडतो आणि आपल्यापुरते तेल उचलतो. बेअरिंगही आजच्यासारखी तयार वाट्यांची नव्हेत. आत वितळलेला पांढरा धातू ओतायचा आणि मग तो हाताने खरवडून मापाला आणायचा.

हे ओतकाम करणारे एक म्हातारे मेस्त्री पुतण्याने हुडकले. धातू पुरेसा तापला का हे ते यंत्राने पाहत नव्हते. लाकडाची एक काडी त्यात बुडवायची: नुसती तपकिरी झाली तर ओता, भस्सकन पेटली तर थांबा. ओतल्यावर दंडाला निळा रंग लावून फिरवायचा, जिथे निळे लागेल तिथे खरवडायचे, पुन्हा फिरवायचे. दोन दिवस ते हेच करीत बसले होते. चित्रकलेच्या वर्गात मी पोरांना सांगतो की रबर कमी वापरा. त्या मेस्त्रींना पाहून वाटले, खरे चित्र हा माणूस रबरानेच काढतो आहे.

पत्र्याचे काम मी थोडक्यात उरकतो, कारण ते डेंटरनेही तसेच उरकले. केबिनचे खालचे कोपरे गंजून चाळणी झाले होते. ते कापून नवा पत्रा जोडला. वळणाचे दिवे आणि आसनपट्टे ही भर पुतण्याने घातली, आणि ती शहाणपणाची होती. जुनेपणा जपावा, पण मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला आपण कुठे वळणार हे कळावे. रंग खरवडण्याचे काम माझ्याकडे होते. वरचा निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली कंत्राटदाराने दिलेला करडा, आणि सर्वांत तळाशी गर्द हिरवा. त्या काळी या ट्रकांचा हा नेहमीचा रंग. फाळक्याच्या पत्र्यातच उठवलेली शेवरलेटची इंग्रजी अक्षरे त्या हिरव्यात प्रथम दिसली तेव्हा पुतण्या लहान मुलासारखा ओरडला. त्याच फाळक्यावर आप्पांनी कधी काळी रंगवून घेतलेले 'हॉर्न ओके प्लीज' मात्र मला पुसावे लागले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मालगाड्यांवर ते लिहायला मनाई केली, हे कारण मी आप्पांना सांगितले. "मग काय हार्न वाजवू नगा म्हनून लिवायचं?" असे ते म्हणाले.

हे चालू असताना मुंबईचे एक गृहस्थ गाडी पाहून गेले. जुन्या मोटारी घेऊन त्या सिनेमाला आणि लग्नांना भाड्याने देण्याचा त्यांचा व्यवसाय. त्यांनी जी रक्कम सांगितली ती ऐकून दादा उठून आत गेले आणि पाणी पिऊन बाहेर आले. पुराचे अर्धे कर्ज त्यात फिटले असते. अट एकच: सगळे मूळचे पाहिजे. इंजिन मूळचे, रंग मूळचा. "आणि हौद्याला हे जंगली लाकूड नको. अमेरिकेहून पाइनच्या फळ्यांचा संच येतो, पट्ट्याबिट्ट्यांसकट. तो घाला."

पुतण्याचेही मत तेच होते, पण लोभाने नव्हे. तो सच्चा मुलगा आहे. त्याने कायदा वाचला होता. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षे. जुना नंबर असला तर तो राहतो. बाभळीच्या फळ्यांनी ही गाडी मूळ स्वरूपातली ठरेल की नाही, ही त्याची काळजी. नियमात आणखी एक कलम होते, ते त्याने जरा हळू वाचले. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शनाला न्या, जुन्या मोटारींच्या फेरीला न्या, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्या. म्हणजे गूळ पेठेत नेता येणार नाही.

ओसरीवर बैठक बसली. आप्पा सगळे ऐकत होते. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, लोखंड अमेरिकेचं. ते कुनालाबी द्या, माझं काय म्हननं न्हाई. फळ्या आपल्या बांधावरच्या हायती. त्या घरात ऱ्हाऊ द्या."

हे कोणालाच अपेक्षित नव्हते. आम्ही समजत होतो म्हाताऱ्याचा जीव गाडीत आहे.

मला विचाराल तर 'मूळचे' हा शब्दच मला त्या बैठकीत खटकू लागला होता. कोणत्या दिवसाला मूळ म्हणायचे? शिवडीतून निघाली त्या दिवसाला म्हणावे, तर ती आमच्या घरी आल्यानंतरचे सगळे आयुष्य म्हणजे नुसती खराबी ठरते. आणि त्या कारखान्याचे तरी काय म्हणणे होते? हौद्याच्या चारी कोपऱ्यांत वरच्या कडेला त्याने चौकोनी भोके ठेवली आहेत. का, तर घेणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे त्यांत लाकडी खुंट उभे करावे, फळ्या लावून उंची वाढवावी, कोणी गवत भरावे, कोणी मेंढरे. ज्याने गाडी केली त्यानेच तुमच्या सुतारासाठी जागा सोडली होती. पाइनच्या संचाला मी नावे ठेवत नाही. शिकागोच्या माणसाने शिकागोत तो जरूर बसवावा. त्याच्या गाडीवर त्याच्या आज्याचे पाइनच असेल. हे सगळे मी बोललो की नुसते मनात म्हटले ते आता सांगता येत नाही, पण निकाल माझ्या बोलण्याने लागला नाही हे नक्की.

तो लागला तो असा. बैठकीचे काही ठरले नाही तरी फळ्या काढून साफ तर कराव्या लागणार होत्या. त्या सुतारमामांचा मुलगा, जो आता स्वतःच सुतारमामा झाला आहे, अंगणात फळ्या मांडून बसला. साठ वर्षांच्या गुळाने, तेलाने, चिखलाने त्या काळ्या झाल्या होत्या. त्याने रंधा काढला. "चार हात मारतो वहिनी, आत कशी तांबूस निघंल बघा." आई जोत्यावर शेंगा फोडीत होती. ती आप्पांसमोर मोठ्याने बोलत नाही, अजूनही नाही. ती म्हणाली, "धुऊन घ्या. रंधा मारू नका."

दादा दारातच उभे होते. सुतारमामांनी रंधा पिशवीत ठेवला आणि काथ्याचा ब्रश मागितला.

मुंबईच्या गृहस्थांना दादांनी त्या आठवड्यात नाही म्हणून कळवले. कारण काय सांगितले ते आम्ही विचारले नाही. कर्ज अजून आहे. उसाच्या बिलातून थोडे थोडे जाते. पुतण्याने कागदपत्रे भरून दिली आहेत, फळ्यांचे फोटोही जोडले आहेत. जे असेल ते असेल, खोटे लिहायचे नाही, असे तो म्हणाला.

फाळक्यालगतच्या कुजलेल्या फळीचा प्रश्न उरला. बाभळ पाडावी असे कोणाला वाटेना, आणि पाडली तरी ती डोहात सहा महिने कोण सांभाळणार? सुतारमामांनी उद्यमनगरातून एक फळी आणली. परदेशातून आलेल्या कुठल्याशा यंत्राच्या खोक्याची. फिकी, पिवळसर, हुंगली तर राळेचा वास. "हे काय आणलंत?" म्हणून पुतण्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि तो हसत सुटला. पाइन होते. ती फळी तशी बसली आहे: बाकीची काळी बाभळ आणि शेवटी एक गोरी पाइन. सर्वांना जवसाचे उकळलेले तेल पाजले. कारखान्याच्या लोखंडी पट्ट्या घासून पुन्हा त्याच खाचांत बसवल्या. त्या बसल्या, जणू मधे काही झालेच नव्हते.

२०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी पहिल्यांदा आपल्या मूळ इंजिनावर चालली. छपरापासून गुऱ्हाळापर्यंत, आमच्याच रानातल्या वाटेने. आप्पा चाकापाशी बसले नाहीत. "पाय आता बिरेकला पोचत न्हाईत" म्हणाले आणि शेजारी बसले. पायाने दाबायचा स्टार्टर कुठे आहे ते मात्र पुतण्याला त्यांनीच दाखवले. गुऱ्हाळावर पेठेत जायचा गूळ तयार होता. तो न्यायला भाड्याचा छोटा हत्ती आला होता. ही २००५ साली निघालेली टाटांची चिमुकली गाडी आता गावोगावची शेवरी झाली आहे. तिचा ड्रायव्हर घाई करीत होता. आप्पा म्हणाले, "जरा थांब. आधी हिच्यात भरा."

कोणी वाद घातला नाही. पोरांनी रवे उचलून हौद्यात लावायला सुरुवात केली. आताचे रवे लहान, दहा-दहा किलोंचे. आप्पा काठीवर हनुवटी टेकून मोजत होते. पन्नासावर पुतण्या म्हणाला, "आजोबा, बास. अर्धा टन झाला." आप्पांनी ऐकू आले नाही असे केले. साठावर मागचा पाटा कुरकुरला. आप्पांनी हात वर केला, पोरे थांबली. पुन्हा एकदा कुरकुर ऐकू येते का म्हणून सगळे उभे राहिलो. मग ते म्हणाले, "हं. काढा आता," आणि तोच गूळ छोट्या हत्तीत चढवला गेला. त्या ड्रायव्हरने आमच्या घराण्याविषयी काय मत केले असेल ते मी समजू शकतो. संध्याकाळपर्यंत फळ्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. आईने धुवायला बादली आणली, थोडा वेळ पाहिले, आणि ती बादली तुळशीला घातली.

रात्री जेवताना आप्पांनी विचारले, "आक्काला मूळ कोन जानार?" तीन आत्यांपैकी आता थोरली तेवढी आहे, निपाणीला. पुतण्या म्हणाला, मी माझी मोटार घेऊन जातो, एक तासात आणतो. आणि त्याने तिथल्या तिथे तिला फोन लावला, शेवरी सुरू झाल्याचे सांगितले, आणि आम्हा सर्वांना ऐकू यावे म्हणून फोन ताटाशेजारी ठेवला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आत्या म्हणाली, "हौद्यात गोनपाट टाकलाय का रं? लुगडं नवं हाय माझं."

"आक्का, ही गाडी रस्त्यावर न्यायची न्हाई," आप्पा मोठ्याने म्हणाले. "कायदा हाय."

"मग बांधापातूर आन," आत्या म्हणाली. "बांधापासनं घरापातूर मी तीतनंच येनार."